हंगेरीत 'आत्या' झालो ती गोष्ट

दार उघडणाऱ्या सिस्टर साठीच्या असतील. काळा झगा, काळं शिरोवस्त्र, पायांत घरात घालायच्या लोकरी चपला. मला पाहून किंचित वाकल्या आणि म्हणाल्या, "दिचोशेग येझुश क्रिस्तुशनॉक, आत्या!"

पहिले तीन शब्द मी पाठ करून आलो होतो. 'येशू ख्रिस्ताचा गौरव असो.' हंगेरीतले ग्रीक-कॅथलिक भेटल्यावर असं म्हणतात आणि त्याला 'दिचोशेग मिंदोरोक्के', म्हणजे 'सदासर्वकाळ गौरव', असं उत्तर द्यायचं असतं. चौथ्या शब्दाने मात्र माझी गडबड उडाली. वसईत मला फादर म्हणतात, जुनी माणसं पाद्री म्हणतात, एका नाताळात एका चिमुरड्याने सांताक्लॉजही म्हटलं होतं. आत्या कोणी म्हटलं नव्हतं. हंगेरियनमध्ये या शब्दाचा अर्थ पिता, म्हणजे आपला फादरच. उच्चारताना ओठ थोडे गोल करतात, पण मराठी कानाला तो थेट आत्याच ऐकू येतो. पुढचे सहा दिवस मी त्या मठातल्या सात भगिनींचा आत्या होतो.

मठाचं नाव लिहीत नाही. भगिनींची तशी इच्छा आहे. हंगेरीच्या ईशान्य कोपऱ्यात न्यीरशेग नावाचा वालुकामय पट्टा आहे, सफरचंदांच्या बागांचा आणि बाभळीसारख्या काटेरी अकेशियाच्या रांगांचा. तिथे मारियापोच या तीर्थक्षेत्रापासून फार लांब नाही, एवढं पुरे.

तिथे मी पोचलो तो एका जुन्या मित्रामुळे. तरुणपणी रोममध्ये शिकत असताना माझ्या शेजारच्या बाकावर एक हंगेरियन बसायचा. दोघांची इटालियन सारखीच कच्ची, त्यामुळे मैत्री पक्की. तो आज तिकडे प्रमुख धर्मगुरू आहे, आणि चार मुलांचा बापही. ग्रीक-कॅथलिक परंपरेत लग्न झालेल्या माणसाला गुरुदीक्षा मिळू शकते. दीक्षेनंतर मात्र लग्न नाही, आणि बिशप अविवाहितांतूनच होतो. हे सगळं पोपच्या छत्राखाली, अगदी राजरोस. आमच्या धर्मग्रामात मी हे सांगितलं तेव्हा एका मावशींनी हळूच विचारलं, "मग फादर, त्यांचं प्रवचन घरीपण चालतं, की तिकडे बाईचं चालतं?" मित्राच्या घरी दोन दिवस राहून आलोय. उत्तर मावशींना खासगीत दिलं.

'ग्रीक' या शब्दाने फसू नका. ही माणसं ग्रीसची नाहीत. पूजापद्धती बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीकभाषी चर्चकडून आलेली, म्हणून ग्रीक. रोमच्या पोपशी नातं, म्हणून कॅथलिक. १६४६ साली उंगवारच्या किल्ल्यात त्रेसष्ट धर्मगुरूंनी रोमशी ऐक्य मान्य केलं (ते उंगवार आज उझहोरोद नावाने युक्रेनमध्ये आहे), पण आपली उपासना आणि आपले रिवाज तसेच ठेवून. आपल्याकडे हा प्रकार अगदीच परका नाही. केरळचे सिरो-मलबार कॅथलिक असेच पूर्वेकडच्या परंपरेचे, आणि १९८८पासून त्यांचा धर्मप्रांत कल्याणलाच आहे. तरी शेजाऱ्याचं घर बाहेरून माहीत असणं वेगळं आणि त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसणं वेगळं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. व्हिसासाठी एका कार्यालयाने माझ्याकडे 'नोकरी देणाऱ्याचं रजा मंजुरीचं पत्र' मागितलं. बिशपांचं पत्र दिलं, तर 'हे कंपनीच्या लेटरहेडवर हवं' म्हणाले. तीन फेऱ्या झाल्या. शिवाय मी खरोखर धर्मगुरू आहे आणि मिस्सा (पाव आणि द्राक्षरस अर्पण करायची आमची मुख्य उपासना) करायला मोकळा आहे, असं प्रमाणपत्र लागतं. त्याला सेलेब्रेट म्हणतात. पूर्वेकडच्या चर्चसाठी १९९०ची स्वतंत्र धर्मसंहिता आहे. तिच्यानुसार माझ्यासारखा लॅटिन परंपरेचा पाद्री त्यांच्या वेदीवर सहयाजक म्हणून उभा राहू शकतो, पण तिथल्या बिशपांच्या परवानगीने, शक्यतो स्वतःचे झगे घालून आणि दोन पद्धतींची खिचडी न करता. परवानगी आली. झगा बॅगेत ठेवला. तो मठात एकदाही बाहेर निघाला नाही, ते पुढे सांगतो.

पोचलो तो रविवार होता. फेब्रुवारी संपत आलेला, रस्त्याकडेला मळकट बर्फ. त्या रविवारला हंगेरियनमध्ये 'लोणी सोडायचा रविवार' म्हणतात, कारण दुसऱ्या दिवसापासून त्यांचा मोठा उपवासकाळ लागतो. आपला राखेच्या बुधवारी, त्यांचा सोमवारी. मांस आधीच्या रविवारी सुटलेलं, आता दूध, लोणी, अंडी. मठातली सकाळ चिजचे उरलेले तुकडे संपवण्यात गेली होती म्हणे, आणि मला आल्याआल्या दह्याची भलीमोठी वाटी मिळाली ती पाहुणचार म्हणून की साफसफाई म्हणून, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळच्या प्रार्थनेला, त्यांच्या भाषेत वेचेर्न्येला, छोट्या चॅपेलमध्ये उभा राहिलो. प्रार्थना संपल्यावर पहिल्या सिस्टर दुसरीसमोर गेल्या, जमिनीला कपाळ टेकवून नमस्कार केला, काहीतरी पुटपुटल्या. दुसरीनेही तसंच केलं. मग दोघींनी एकमेकींना मिठी मारली आणि पहिली तिसरीकडे सरकली. रोमला शिकलेल्या एक सिस्टर इटालियन बोलत, त्याच माझ्या दुभाषी. त्यांनी कानात सांगितलं, "आज सगळे सगळ्यांची क्षमा मागतात. 'मला क्षमा कर' म्हणायचं. समोरचा म्हणतो, 'देव क्षमा करो.'" हे समजेपर्यंत रांग माझ्यापाशी आली होती. दारातल्या साठीच्या सिस्टर माझ्यापुढे वाकल्या. ओळख होऊन तीन तास झाले होते. त्यांनी माझा काय अपराध केला असणार? दह्यात साखर नव्हती, एवढाच. मी त्यांना उठवायला हात पुढे केला, तशा दुभाषी सिस्टर म्हणाल्या, "नको. तुम्हीही वाका."

वाकलो. वसईत शेजाऱ्याशी बांधावरून सात-सात वर्षं अबोला धरणाऱ्या माणसांच्या कबुल्या मी ऐकल्या आहेत. त्यांना हातात हात देऊन उभं करायला मला पेरूच्या झाडाखाली अख्ख्या दुपारी घालवाव्या लागल्या आहेत. इथे ते काम बारा मिनिटांत, रांगेने, गुडघ्यांवर. मनात आलं, हे यांत्रिक नाही का? मग सहाव्या आणि सातव्या सिस्टर एकमेकींसमोर आल्या. दोघी जरा जास्तच वेळ जमिनीला डोकं टेकवून राहिल्या. उठल्यावर एकीचं नाक लाल होतं. मी नजर वळवली.

सोमवारी सकाळी तयार होऊन विचारलं, "मिस्सा किती वाजता?"

"शनिवारी," सिस्टर म्हणाल्या.

मी चेष्टा समजलो. पण बायझंटाइन परंपरेत मोठ्या उपवासकाळात सोमवार ते शुक्रवार मिस्सा होत नाही. मिस्सा हा सण. उपवासाच्या दिवशी सण कसा करणार? दीक्षा मिळाल्यापासून रोजची मिस्सा मी आजारपणातसुद्धा सहसा चुकवली नाही. तापात, पुरात, एकदा तर एस.टी.च्या संपात सायकलवर जाऊन केली. आता समोर पाच मोकळ्या सकाळी. 'खोलीत एकट्याने करू का?' असं मी विचारणार होतो. नियमांत ते बसवताही आलं असतं. पण सिस्टरांचा चेहरा बघितला आणि गप्प बसलो. पाहुण्याने यजमानांच्या उपवासाच्या दिवशी खोलीत डबा उघडून बसू नये, तसलंच ते.

मिस्सा नाही म्हणून प्रार्थना कमी, असं नव्हे. पहाटेची उत्रेन्ये, मधले प्रहर, संध्याकाळी क्रीटच्या संत आंद्रेयाचं मोठं प्रायश्चित्त-काव्य. ते पहिल्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार चार भागांत गातात. प्रत्येक कडव्यानंतर 'माझ्यावर दया कर, देवा, दया कर'. आणि प्रत्येक प्रहरी संत एफ्राइमची प्रार्थना. आळस, उगाच ढवळाढवळ, अधिकाराची हाव आणि वायफळ बोलणं यांचा आत्मा मला देऊ नकोस, असा तिचा आशय. वायफळ बोलणं हे शब्द दुभाषी सिस्टरांनी समजावले तेव्हा मी, जो दर रविवारी तीन प्रवचनं देतो, खाली बघितलं. तसंही खाली बघणं भागच होतं, कारण या प्रार्थनेबरोबर जमिनीला कपाळ टेकवायचं असतं. खाली जायचं, आणि लगेच उठायचं. उठण्यात खरी मेख आहे. पहिल्या दिवशी अठरापर्यंत मोजले. दुसऱ्या दिवशी माझ्या उजव्या गुडघ्याने आपलं मत कळवलं. बाजूला उभ्या ऐंशी पार केलेल्या सिस्टर सहज खाली जाऊन वर येत होत्या, एखादी कळशी विहिरीत सोडून वर ओढावी तशा.

वाद्य एकही नाही. पेटी नाही, ऑर्गन नाही, की आमच्याकडचा तो कीबोर्ड, ज्याचा आवाज कमी करा असं मी वर्षानुवर्षं सांगतोय, तोही नाही. फक्त गळे. तिथल्या धर्मग्रामांतही हेच. कांतोर सूर धरतो आणि अख्खं चर्च गातं, मधल्या बाकावरचा टोपी हातात घेतलेला शेतकरीसुद्धा. आणि सगळं हंगेरियनमध्ये.

या शेवटच्या गोष्टीमागे मोठी लढाई आहे. तिच्यामुळेच मला या चर्चविषयी पूर्वीपासून ओढ होती. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या हंगेरियन बोलणारे, पण उपासनेची भाषा जुनी स्लाव्ह किंवा रुमानियन. स्वतःच्या भाषेत प्रार्थना करू द्या म्हणून १९०० साली त्यांच्यातले यात्रेकरू थेट रोमला गेले. १९१२ साली दहाव्या पायस पोपनी त्यांच्यासाठी हायदूदोरोग हा स्वतंत्र धर्मप्रांत दिला, पण उपासनेची भाषा ठरवली प्राचीन ग्रीक! धर्मगुरूंना ग्रीक शिकायला तीन वर्षांची मुदत. शेतकरी हंगेरियन, पाद्री हंगेरियन आणि मिस्सा प्लेटोच्या भाषेत. नव्या प्रांतात घातलेल्या रुमानियन गावांचा संताप वेगळाच. १९१४च्या फेब्रुवारीत देब्रेत्सेनला बिशपांच्या कार्यालयात पार्सलमधून बॉम्ब आला. बिशप वाचले, त्यांचे व्हिकर, म्हणजे कारभारातले मुख्य सहायक, गेले. ग्रीकचा हुकूम कागदावर राहिला, लोक हंगेरियनमध्ये गात राहिले. शेवटी दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची रोममधली सभा, संपत आली असताना, १९ नोव्हेंबर १९६५ रोजी बिशप मिक्लोश दुदाश यांनी रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात हंगेरियन भाषेत मिस्सा गायली. दुदाश मूळचे मारियापोचचे. मठातल्या भोजनगृहात त्यांचा फोटो आहे.

त्याच परिषदेने आम्हाला मराठी दिली. मी वाढलो तो मराठी मिस्सेत. पण माझा आजा, इनास, लॅटिनमध्ये वाढलेला. वाडीत पानवेली आणि केळी, हातांना कायम चीक. मे महिन्यात गावच्या क्रुसापाशी लदीन, म्हणजे मारियेच्या नावांची प्रार्थना, म्हणायला तो पुढे असे. 'ओरा प्रो नोबिस', म्हणजे 'आमच्यासाठी विनंती कर', हे शेवटचे शब्द सगळे एकत्र म्हणत. बाकीची मारियेची नावं तो एकटा, खणखणीत आवाजात, एकाही शब्दाचा अर्थ ठाऊक नसताना. प्रवचनात मी त्याचा दाखला देत असे. "माझ्या आजाला बिचाऱ्याला आपण काय बोलतोय तेच कळत नव्हतं, आपण भाग्यवान, आपल्याला कळतं." लोक हसत. टाळीचं वाक्य होतं ते. मी ते किती वेळा वापरलं असेल, देव जाणे.

बुधवारी आठवलं की आज वसईत राख लागत असेल. मी मोबाइलवर घरच्या ग्रुपमधले फोटो बघितले, सगळ्यांची कपाळं करडी. माझं कपाळ कोरं. ग्रीक परंपरेत राख नाहीच. त्या संध्याकाळी मात्र 'पूर्वपवित्र अर्पणांची' उपासना होती. रविवारी अभिषिक्त करून ठेवलेलं ख्रिस्तशरीर बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी देतात, दिवसभराच्या उपासानंतर. परंपरा या उपासनेचं श्रेय देते रोमच्या पोप थोरल्या ग्रेगरींना. म्हणजे आमच्याच माणसाला. हे ऐकून मला उगाच बरं वाटलं.

माझा मित्रच उपासना करायला आला होता. दिवे मालवले. त्याने हातात मेणबत्ती घेऊन, वेदीच्या दारात उभं राहून काहीतरी गायलं आणि सगळ्या भगिनी जमिनीला टेकल्या. 'ख्रिस्ताचा प्रकाश सर्वांना उजळतो.' नंतर गुडघ्यांवर स्तोत्र: माझी प्रार्थना धुपाप्रमाणे तुझ्यासमोर वर जावो. धूप एवढा, की मला खोकला आला. लहान चॅपेलमध्ये जरा आवरता घेतला तरी चाललं असतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आधी मित्राने विचारलं होतं, "वर येतोस का? तुझा झगा आहे ना?" मी नाही म्हटलं. कुठे वळायचं, कधी वाकायचं ते माहीत नाही, भाषा येत नाही; वेदीवर मी नुसता अडचण झालो असतो. शिवाय एक उत्सुकता होती. इतकी वर्षं ख्रिस्तशरीर देणारा मीच. रांगेत उभं राहून घेतल्याला किती काळ लोटला ते आठवेना. इथे आंबवलेल्या पावाचे तुकडे द्राक्षरसात भिजवून पात्रातून छोट्या सोनेरी चमच्याने थेट तोंडात देतात. हनुवटीखाली लाल कापड धरलेलं. माझी पाळी आली. मित्राने माझं नाव घेतलं (तिथे प्रत्येकाला नावाने देतात: 'देवाचा सेवक अमुक'), आणि मी भरवलेला घास घेणाऱ्या पोरासारखं तोंड उघडलं. चव पावाची होती. खऱ्या पावाची. आमच्या पातळ, पांढऱ्या, जिभेला चिकटणाऱ्या ओस्तीची सवय झालेल्या तोंडाला ती चव चमकवून गेली.

म्हणून दुसऱ्या दिवशी म्हणालो, "तो पाव कसा करता ते मला शिकवा."

गुरुवारी सकाळी नऊला मी एप्रन बांधून स्वयंपाकघरात उभा होतो. त्या पावाला प्रोस्फोरा म्हणतात, म्हणजे अर्पण. मैदा, पाणी, यीस्ट, मीठ; पाचवा पदार्थ नाही. साखर नाही, तेल नाही, दूध तर नाहीच. याच पावावरून पूर्व आणि पश्चिम हजार वर्षं भांडली. १०५४च्या फुटीत 'तुमचा बेखमीर (न आंबवलेला) पाव हा पावच नव्हे' हा पूर्वेचा पश्चिमेवर एक मोठा आरोप होता. मी ते सिस्टरांना बोलून दाखवलं. त्यांनी परातीकडे बोट केलं. कणीक घट्ट हवी, चपातीच्या कणकेहून बरीच घट्ट, नाहीतर ठसा उमटत नाही. मी तिंबायला लागलो. पाच मिनिटांत दम लागला. पलीकडे दोन सिस्टर मळता मळता एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होत्या, आळीपाळीने, अगदी खालच्या आवाजात: 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.' मळण्याच्या तालावर. आमच्याकडे जात्यावर ओव्या म्हणत, तसं काहीसं. फक्त इथे ओवी बदलत नव्हती.

तासभर कणीक झाकून ठेवली. नंतर लाटून गोल कापायचे, एक मोठा, एक लहान, आणि लहानाला खालून पाणी लावून मोठ्यावर बसवायचा. दोन थर म्हणजे ख्रिस्ताचे दोन स्वभाव, देवाचा आणि माणसाचा. वरच्यावर लाकडी ठसा. क्रूस, आणि त्याच्या चार कोपऱ्यांत ग्रीक अक्षरं: येशू ख्रिस्त विजयी. ठसा आधी पिठात बुडवून झटकायचा, सगळं वजन टाकून दाबायचा, आणि सरळ उचलायचा. मी किंचित तिरका उचलला. ख्रिस्ताचं अर्धं नाव ठशालाच चिकटून आलं. दुभाषी सिस्टर काही बोलल्या नाहीत. गोळा उचलला, पुन्हा मळला, माझ्या हातात दिला. तिसरा जमला. त्यावर सुईने भोकं पाडायची, म्हणजे आत हवा धरत नाही आणि थर सुटत नाहीत. पुन्हा फुगू द्यायचे, मग भट्टीत. बाहेर काढल्यावर ओलसर फडक्यात गुंडाळायचे, म्हणजे कवच मऊ पडतं आणि कापताना चुरा होत नाही. आमच्या घरी लग्नाआधी फुगे करायला पीठ आंबवत, तेव्हा आई पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवायची आणि आम्हाला त्या खोलीत धावू द्यायची नाही. त्या फडक्याकडे बघताना आईचा आवाज ऐकू आला.

दुपारी मारियापोचला जाऊन आलो. त्यावर वेगळं लिहायला हवं, पण थोडं सांगतो. १६९६च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिथल्या लाकडी चर्चमधल्या मारियेच्या चित्राच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं. गावकऱ्यांनी पाहिलं, सैन्यातल्या अधिकाऱ्यांनीही पाहिलं. सम्राट लिओपोल्डने चित्र व्हिएन्नाला नेलं. ते आजही तिथल्या सेंट स्टीफन्स कॅथीड्रलमध्ये आहे. गावाला मिळाली नक्कल. १७१५ साली ती नक्कलही रडली, १९०५ साली पुन्हा. आज दोन मनोऱ्यांच्या बॅसिलिकात लोक येतात ते त्या नकलेपुढे, आणि १९९१च्या ऑगस्टमध्ये दुसरे जॉन पॉल पोपही तिच्यापुढेच आले आणि त्यांनी हंगेरियनमध्येच मिस्सा केली. अश्रूंबद्दल मला विचाराल तर मी सावध माणूस आहे. पण राजाने अस्सल नेलं आणि देवाने नकलेवर भागवलं, ही गोष्ट मला फार आवडली.

परतताना ऐंशीच्या सिस्टर गाडीत जुन्या काळाबद्दल बोलल्या. १९५० साली सरकारने जवळजवळ सगळे धर्मसंघ बंद केले. भगिनींना झगे उतरवून कामाला लागावं लागलं. यांना ज्यांनी तयार केलं त्या सिस्टर चाळीस वर्षं साध्या कपड्यांत राहिल्या, नोकरी करत, रात्री दार लावून प्रहरांच्या प्रार्थना म्हणत. पुस्तकं बाळगणं धोक्याचं, म्हणून पाठ. "आवाज न करता गायच्या," सिस्टर म्हणाल्या आणि ओठ हलवून दाखवले. गाडीच्या इंजिनाखेरीज काही ऐकू आलं नाही.

शुक्रवारी रात्री दुभाषी सिस्टर एक कागद घेऊन आल्या. शनिवारच्या मिस्सेची तयारी. त्यांच्या मिस्सेआधी बाजूच्या टेबलावर धर्मगुरू प्रोस्फोरामधून भाल्याच्या आकाराच्या सुरीने मधला चौकोन कापतो, त्याला कोकरू म्हणतात. मग तबकात कोकराच्या एका बाजूला मारियेसाठी त्रिकोणी तुकडा, दुसऱ्या बाजूला संतांच्या नऊ श्रेणींचे नऊ तुकडे, आणि खाली ओळीने बारीक कण: एकेका जिवंत माणसासाठी एक, एकेका मृतासाठी एक, नाव घेऊन. तबकात अख्खं चर्च मांडलं जातं, वरचं आणि खालचं. "तुमच्या माणसांची नावं द्या," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही मळलेलाच पाव आहे."

मी मृतांची नावं आधी देवनागरीत लिहिली, सवयीने. मग खाली रोमन लिपीत. आई मारी. बाबा पावलू. आजी कतरीन. आजा इनास. सिस्टर वाचत गेल्या. मारी ठीक. पावलूला त्यांनी 'पाल' म्हणून पाहिलं. कतरीन म्हणजे त्यांची कॉतॉलिन. शेवटच्या नावाशी थांबल्या आणि हसू दाबत म्हणाल्या, "इनॉश? हे नाव आहे?"

हंगेरियनमध्ये रोमन 'एस' हे अक्षर 'श' वाचतात. 'स' हवा असेल तर त्याच्यापुढे 'झेड' लावावा लागतो. मी लिहिलं होतं तसं वाचलं, तर होतो 'इनॉश', आणि तो शब्द त्यांच्या भाषेत आधीच आहे. सुताराकडे, लोहाराकडे, बेकरीत काम शिकायला ठेवलेला पोऱ्या. उमेदवारी करणारा. शिकाऊ.

"एक झेड घाला, म्हणजे बरोबर होईल," असं म्हणून त्यांनी पेन माझ्याकडे दिलं आणि घंटा झाली म्हणून त्या गेल्या.

पेन बराच वेळ हातात होतं. नखांत अजून पीठ होतं, धुऊनही न निघालेलं. कागद तसाच घडी करून टोपलीत टाकला.

शनिवारी सकाळी मी भगिनींच्या मागे उभा होतो. गॉस्पेलनंतर मृतांसाठीच्या विनंत्या सुरू झाल्या. मित्र धूपदाणी हलवत नावं गात होता: देवाची सेविका मारी, देवाचा सेवक पाल, देवाची सेविका कॉतॉलिन. मग त्याच सुरात, जराही न अडखळता, देवाचा सेवक इनॉश.

दुभाषी सिस्टरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. भगिनींनी उत्तर धरलं, 'उरॉम, इर्गॉल्मॉझ्झ', 'प्रभू, दया कर', आणि मी आजाच्या आवाजात, होता होईल तेवढ्या खणखणीत, त्यांच्यात मिसळलो.